आरसे काढताना

रात्रीचे अकरा वाजलेत
आणि गॅरेजच्या उंबऱ्यावर ऊन
अजून पाय पसरून बसलंय.
जूनमध्ये कोक्कोलात ते उठायचं नावच घेत नाही.
मी हेडलाइटवर निळी चिकटपट्टी लावतेय,
आडवी, उभी, पुन्हा आडवी.
काच फुटलीच तर एकही तुकडा
ट्रॅकवर कुणाच्या चाकाखाली जायला नको,
असं नियमांच्या कागदात लिहिलंय.
अंधारच नसलेल्या रात्री
दिव्याचे डोळे बांधायचे.
हसू येतं,
पण पट्टी सरळ लावते.

हिवाळाभर मी नगरपालिकेचा बर्फनांगर चालवते.
पहाटे तीनला सुरुवात, ताशी वीस.
मी रस्ता मोकळा करायचा,
वेगानं जायचं इतरांनी.
असे एकोणीस हिवाळे.
मागे तुंबलेली गाड्यांची रांग
आरशात बघत
मनातल्या मनात माफी मागायची
सवयच जडली.

आता आरसे काढायचे.
डावा निघाला. उजवा हलेना.
पाना घेऊन मी लोंबकळत होते
तेवढ्यात कुंपणापलीकडून ताइस्तो आला,
त्र्याहत्तर वर्षांचा, दोन बोटं अर्धीच.
"यामाहाचा उजवा आरसा उलट्या आट्यांचा,
तू त्याला आवळतेयस."
मी हात थांबवला.
"मग मागून येणाऱ्यांचं काय?"
"मागचा त्याचं बघेल. तू पुढचं वळण बघ."
ताइस्तो एवढं सलग बोलला
म्हणजे त्याचा वर्षाचा कोटा संपला.

वेगाच्या काट्यावरही पट्टी.
आकडा बघितला की माणूस
आकड्यासारखंच वागायला लागतं.
रेडिएटरमधलं हिरवं पाणी काढून साधं भरलं,
सांडलंच तर निसरडं होऊ नये म्हणून.
ऑइलच्या बोल्टला तार पिळली,
पिळताना अंगठा कापला.
बाईकवर पडलेला पहिला डाग माझाच.

चामड्याचा सूट जुना,
वासाच्या एका बाईकडून घेतलेला.
उजवा गुडघा घासून पांढरा पडलाय,
डावा कोरा.
"डावं वळण मला कधी जमलंच नाही," ती म्हणाली.
सूट का विकतेय ते तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
तो इतका घट्ट की सरळ उभंच राहता येत नाही.
सवय व्हावी म्हणून
काल त्यातच बटाटे सोलले,
बादलीवर वाकून, अस्वलीण नदीवर वाकते तशी.
इंकेरीला फोटो पाठवला.
तिनं नुसतंच लिहिलं, आई.
पुढे टिंबसुद्धा नाही.

राहिला तो अर्ज.
नाव, रक्तगट, अनुभव: शून्य, गट: नवशिके.
अपघात झाल्यास कुणाला कळवावे?
ह्या चौकटीत बारा वर्षं मी कौकोचं नाव लिहीत आले,
दवाखान्यात, पोहण्याच्या तलावावर,
घटस्फोटानंतरही तीन वर्षं,
हाताला तेच वळण होतं म्हणून.
आज पेन टेकलं
आणि तिथेच थांबलं.
इंकेरी लिस्बनला. बर्फनांगराचा साहेब रजेवर.

ताइस्तो आरशांचे बोल्ट एका डब्यात टाकत होता,
डब्यावर खडूनं 'उलटा' लिहीत होता.
"तुझा नंबर लिहू?"
"मी फोन उचलत नाही."
"उद्या उचल."
त्यानं खडू खिशात टाकला,
उन्हातून कुंपण ओलांडून घरी गेला.

मी टायरातली हवा तपासली,
थोडी सोडली, परत तपासली.
सकाळच्या पिशवीत केळी, कानातले बोळे, चिकटपट्टीचं उरलेलं रीळ.
साडेबाराला फोन वाजला.
"चालतोय का बघितलं,"
ताइस्तो म्हणाला,
आणि बराच वेळ
त्यानं ठेवला नाही.