शिंपल्यांचं तावदान

बांबोळीला, पडद्यावर, डॉक्टर शिरवईकरांनी
माझाच कान मला दाखवला:
शिंपल्यांच्या तावदानासारखा,
खालच्या कोपऱ्यात एक शिंपला निखळलेला.

मी चारी. लोटलीत जुन्या खिडक्या दुरुस्त करतो.
विचारलं, बसवणार कसं?
"कानामागे चिरून पातळ पापुद्रा काढू,
कागदासारखा सुकवू, आतल्या बाजूने सरकवू.
पण आधी भोकाची कड खरवडायची.
रक्त आलं पाहिजे.
बरी झालेली कड नव्याला धरत नाही."

हे मला ठाऊक होतं. लाकडापुरतं.

आता तीन आठवडे शिंक तोंड उघडून,
डोक्यावर पाणी नाही. कापसाआड
पोराचा रंधा
दुसऱ्याच्या घरात चालल्यासारखा.
शेवंती विचारते, ऐकू येतं?
मी तिचे ओठ बघतो,
हो म्हणतो.
जुनी सवय.