जोड

मामा जत्रेत कुस्त्यांच्या जोडी लावायचे.
पोराचा पंजा हातात घ्यायचे, मनगट दाबायचे,
एक नजर मानेवर, एक कानाकडे.
कान मोडलेला दिसला
की पोरगं वय चोरतंय, हे ओळखायचे.
गर्दी शिट्ट्या मारायची. ते घाई करायचे नाहीत,
रेवड्यांच्या कुस्तीलासुद्धा.

मीही तेच करतो. सेलूत, पत्र्याच्या खोलीत,
पुण्याच्या कंपनीसाठी.
मला पंजा दिसत नाही, आकडा दिसतो.
नऊशे दहा. दोन हजार चारशे.
आठ सेकंदांत दहा जण,
पाच इकडे, पाच तिकडे.

एकास एक असतं तर निभलं असतं.
माणसं टोळीनं येतात.
नौशाद येतो, दोन हजार चारशेचा,
आणि मागं मावशीची चार लेकरं, कच्ची लिंबं,
बंदूक कुठून धरायची तेही ठाऊक नसलेली.
मी पाचांची सरासरी काढतो,
म्हणजे एकाच्या ताटातली पुरणपोळी
पाचांच्या पोटात मोजतो.
कधी उलटंच. पाच मध्यम भाऊबंद
एका सतरंजीवर बसून ओरडतात,
"भिताडामागं हाय बग, भिताडामागं!"
आणि समोर मी उभे केलेले पाच मध्यम,
एक भोकरचा, एक जालन्याचा,
कुणी कुणाचा आवाज कधी न ऐकलेला.
आकडे बरोबर. कुस्ती खोटी.

ते दुरुस्त केलं.
टोळीपुढं टोळी आणली,
बड्या गड्याचं वजन जरा जास्त धरलं,
सतरंजीचंही थोडं धरलं.
रांग अकरा सेकंदांनी लांबली.
पुण्याहून फोन आला,
अकरा सेकंदांत पोरं दुसरा गेम उघडतात.
खोटं नव्हतं. मामाही म्हणायचे,
लंगोट लावून फार बसवलं की गडी थंड पडतो.

पण सांगायचं होतं ते वेगळंच.

डाव अर्ध्यात सोडणाऱ्यांसाठी
मी एक कोंडवाडा बांधला होता.
तीनदा पळालास की आत.
पळपुट्याला पळपुटेच सोबती. न्याय म्हणून.
मंगळवारी तक्रार आली.
नाव तुफान दुर्गा, गाव मानवत.
"आमी पळत नाई. लाईट गेली की टावर जातो.
आमालाच कामून कोंडता"

कोंडवाड्यातले जुने डाव काढले.
त्यातला एक, रात्री नऊ बेचाळीसचा.
दहाच्या दहा जण एका दमात गायब.
सेलू, मानवत, पाथरी, पुन्हा मानवत.
पुलावर कुणी नाही.
एक जीप दिवे लावून उभी,
आणि खेळ इमानदारीनं सात मिनिटं
वाट बघत राहिलेला
कोण जिंकतंय याची.

नऊ बेचाळीस.
त्याच मिनिटाला माझाही पंखा थांबला असणार.
मी म्हटलं असणार, गेली वाटतं,
आणि काम करत राहिलो असणार.
माझा लॅपटॉप इन्व्हर्टरवर आहे.

आता तिथं एक ओळ आहे.
शेजारपाजार सगळं एकदम गेलं असेल
तर तो पळाला नाही.
दोन हजार एकशे सहा जण सुटले.
काही खरेच पळपुटे असतील त्यांत. असू देत.

मामा कुस्ती बघत नसत.
निकाल लागला की हरलेल्याच्या चालीकडं बघत.
माती न झटकता घरच्या वाटेला लागला
तर म्हणत, माझं चुकलं.
माती झटकत परत आला,
"पुढल्या साली हीच जोड लावा" म्हणाला,
तरच बिडी पेटवत.

मीही आता जिंकलेल्यांची यादी उघडत नाही.
हरून बटण पुन्हा कुणी दाबलं, तेवढं बघतो.
तुफान दुर्गा काल सहा डाव हरली.
सातव्यासाठी रांगेत आली
नऊ एक्केचाळीसला.
मी वर पंख्याकडं पाहिलं.