एक जानेवारी

वादळात दवाखान्याचे पत्रे उडाले.
त्यानंतर आठ दिवस हर्णैत केसपेपर वाळत होते,
समोरच्या वलांडीवर, बोंबलांच्या शेजारी,
कपड्यांचे चिमटे लावून.
निळी शाई बरीचशी पाण्याबरोबर परत गेली होती.
डॉक्टर बिवलकर एकेक कार्ड नाकाशी नेत
वास घेतल्यासारखं, आणि म्हणत,
"हा आडखळचा. दमा. थंडीत येईल."
मग पुण्याहून भाचा आला. म्हणाला, मामा, आता पुरे.

असा कॉम्प्युटर आला,
आणि तो चालवायला मी.
बी.कॉम., मराठी टायपिंग तीस.
वडील लिलावात हिशेब लिहायचे,
त्यामुळे घाईतलं अक्षर मला लागतं.

पहिलंच कार्ड हलिमा होडेकर.
वय : मोठी बोट फुटली तेव्हा रांगत होती.
स्क्रीनवर जन्मतारखेपाशी लाल चांदणी.
तारीख भरा, नाहीतर पुढे जाता येणार नाही.
मी आत जाऊन विचारलं, बोट कधी फुटली?
डॉक्टर म्हणाले, कुठली?

पाग्या चोगले : धाकट्या भावाहून दोनने मोठा.
भावाचं कार्ड काढलं.
पाग्याहून दोनने लहान.

मग मीच ठरवलं.
साल चेहऱ्यावरून, नाहीतर हातांवरून,
दिवस आणि महिना सगळ्यांना एकच, शून्य एक, शून्य एक.
शिमग्यापर्यंत अख्खं बंदर
एक जानेवारीला जन्मून मोकळं झालं.
कोपऱ्यातलं बारीक अक्षर राहिलं.
'बिल नको, सुरमई देतो.'
'हिला गोळी देऊ नये, दहा मिनिटं बसू द्यावं.'
ते 'इतर'मध्ये कोंबलं, मावलं तेवढं.

शुभेच्छांचं बटण चालू आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी सातला दोन हजार तीनशे फोन वाजले.
बिवलकर क्लिनिकतर्फे वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.
पुळणीवर बायका कमरेचे बटवे उघडून
एकमेकींना दाखवत होत्या, तुलापण? मलापण.
ज्या बोटी रेंजच्या बाहेर होत्या
त्यांना संध्याकाळी पोचलं,
किल्ल्याच्या अलीकडे आल्यावर, सगळ्यांना एकदम,
नांगर पडायच्या आधी.

दुपारी पावशांची सून आली. फोन सासऱ्यांचा.
"आज बाबांचा दिवस होता का हो?
कधी बोलले नाहीत.
सोळा वर्षांत एकदा गोड केलं नाही त्यांच्यासाठी."
मी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागले.
डॉक्टर आतून म्हणाले, आज कर.

मग हलिमाबी, कागदात बांधलेले सोडे घेऊन.
"लिवलंस ना तू? मग सांग, कितवा?"
स्क्रीनवर पाहिलं. त्र्याहत्तर.
मीच दिलेले, एका मंगळवारी, तिच्या नखांकडे बघून.
"त्र्याहत्तर," मी म्हटलं.
ती बाकावर टेकली.
"बरा झाला. माना वाटला जास्ती झाले."
प्रेशर एकशेपन्नास, नव्वद.
निघताना विचारून गेली, पुढच्या साली पन धाडशील ना?
धाडणारी मी नव्हे हे सांगायचं राहून गेलं.

रात्री पंखा बंद करायच्या आधी
गणू पावसे उघडला.
'मयत'वर खूण केली तर तिथेही लाल चांदणी,
तारीख भरा.
डबा काढला, कार्ड काढलं.
ही तारीख होती.
डॉक्टरांच्या अक्षरात, न पुसलेली, वेळेसकट :
पहाटे चार दहा, ओहोटी.