घरचं

धणे घ्यायला सियागंजात सकाळीच जावं,
दुपारी त्यांना हमालांच्या घामाचा वास लागतो,
असं आई म्हणायची. खोटंच असणार.
पण मी सकाळीच जाते.

दोन मुठी धणे, एक मूठ बडीशेप, जाडी.
काळी मिरी चिमटीनं नाही, ओंजळीनं.
डुकराच्या चरबीशी मिरीच बोलू जाणे,
लाल तिखटाचं तिथं फारसं चालत नाही.
मोहरी. दालचिनीचं एक साल. लवंगा सात.
(आठवी मी दाढेखाली धरते, भाजून होईपर्यंत.)

तव्यावर आधी धणे.
धणे बोलत नाहीत, फक्त रंग बदलतात.
मिरी तडतडते, मोहरी तर भांडायलाच उठते.
बडीशेप शेवटी, गॅस बंद करून,
उरलेल्या धगीवर,
नाहीतर कडवटते आणि सबंध डबाभर रुसून बसते.

लसूण मी नोव्हेंबरातच चकत्या करून वाळवते.
गूळ किसून तीन दिवस गच्चीवर.
मुंग्यांनी त्यांचा वाटा नेला,
उरला तो आमचा.

मिक्सर नको. मिक्सर पीठ करतो.
खलबत्त्यात कुटायचं, दाताखाली यावं इतपत भरड,
आणि कुटताना मोजायचं नाही,
दंड भरून आला की झालं.

माझं काम मालिशचं.
छत्रीबाग, लोधीपुरा, रामबाग,
रोज पाच बाळं, तीन बाळंतिणी.
पोटावर कसं गोल फिरवायचं, टाळूवर किती हलकं,
मांडीच्या वळीत अंगठा कुठवर न्यायचा,
हे हातांना ठाऊक आहे, मला विचारू नका.
नाताळच्या आदल्या शनिवारी
हेच हात परातीत उतरतात.

शमुवेल महूहून बसनं येतो,
पिशवीत खाली चार किलो, वर मेथीच्या दोन जुड्या.
दरवर्षी मेथी आणतो, दरवर्षी कंडक्टर विचारतो,
कशी दिली?

चरबीला चौकडीच्या चिरा. आधी नुसतं मीठ.
अर्ध्या तासानं पाणी सुटतं ते फडक्यानं टिपायचं,
मगच मसाला, कोरडाच.
दही नाही, शिरका नाही,
घालणारे घालतात, घालू देत.
चोळायचं. चिरेत बोट घालून चोळायचं.
शमुवेल दारातून म्हणतो,
आत्या, आता त्याला न्हाऊही घाल, पावडर लाव.
मी म्हणते, हसू नको, कडेचं मांस राहिलं बघ.

उरलेला मसाला जीरावनच्या रिकाम्या डब्यात.
चूक तिथंच झाली.

पुणतांबेकर काकू आल्या मालिशचे पैसे द्यायला,
मी पोहे पुढे केले, आणि वळून पाहीपर्यंत
त्यांनी डबा उघडून दोनदा शिंपडलं.
खाल्लं. थांबल्या. परत शिंपडलं.
हे कुठल्या दुकानातलं गं?
घरचं.
थोडं दे की पुडीत.

दिलं.
त्यात काय होतं? धणे, मिरी, बडीशेप.
अजून कशालाही शिवलेलं नव्हतं.
तरी रविवारी चर्चमध्ये
पाद्रीबाबा काय बोलले ते माझ्या कानात शिरलं नाही.

सोमवारी हात तीनदा धुतले.
बेसनानं, लिंबानं, मग साबणानं.
त्यांच्या नातवाला पायांवर घेतलं,
सात महिन्यांचा, मांड्यांना वळ्याच वळ्या.
तेल लावून होईतो त्यानं माझं बोट पकडलं
आणि तोंडात घातलं.
थांबला.
भुवया वर. नाक आक्रसलं.
मी बोट काढून घेतलं तर असा रडला की
काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या,
हातात पोह्यांची बशी.

काय झालं?
काही नाही, म्हटलं,
आणि बोट परत दिलं.