थोडी सैल शिवा

"मास्तर, पँट थोडी सैल शिवा. इथं."
बोट दाखवलं नाही त्यानं.
नजर कात्रीवर, मग शटरवर,
मग बाहेर उभ्या जिंतूर-परभणी गाडीवर.

घुल्यांचा परमेश्वर. एकोणीस वर्षांचा.
दिवाळीचं माप आहे माझ्या वहीत:
कंबर अठ्ठावीस, मांडी एकवीस.
कंबर तीच, मांडी तीच.
सैल कशाला, ते वहीत मावत नाही.

मीही शिवली होती अशी एक, स्वतःसाठी,
रात्री, दुकान बंद करून.
बायकोला म्हटलं, उन्हाळा आहे.
न्हाणीत, साबणाच्या हाताला लागला होता
तुरीचा दाणा.
दुखत नव्हता.
दुखत नाही म्हणजे काही नाही,
या एका वाक्यावर मी सात महिने
टाक्यावर टाका घालत बसलो.
तुरीचा हरभरा झाला, हरभऱ्याची सुपारी.
एकजण म्हणाला लंगोट आवळ, एकजण म्हणाला पाला बांध.
एकानं माझ्या वागण्यातच खोट काढली.
त्याचं नाव घेत नाही, अजून गिऱ्हाईक आहे.

परभणीला डॉक्टर बाई निघाली,
माझ्या पुतणीच्या वयाची.
भिंतीकडं तोंड करून नाडा सोडला मी.
तिनं लाइट घालवला, खालून बॅटरी धरली.
"नुसतं पाणी असतं तर लाल उजळलं असतं, मामा,
कंदिलाच्या काचेसारखं.
हे उजळत नाही."
मग सोनोग्राफी, रक्त, नांदेड.
डावं अंड काढलं.
बघा, लिहिता आला शब्द.
मशीनसुद्धा एकाच सुईवर चालते,
आणि धाकटी माझी त्यानंतरचीच आहे,
पाढे म्हणते.

शटर अर्धं ओढलं.
"दुखायलंय का?"
'हो' म्हणाला असता तर तसाच रिक्षात घातला असता;
अचानक कळ आली, उलटी झाली, तर आत पीळ पडलेला असतो,
तिथं तासांचा हिशोब, असं बाईच बोलली होती.
"नाही," म्हणाला.
माझ्या हातातला खडू मोडला.

"कधीपासून?"
"गणपतीच्या आधीपासून."
"घरी?"
"घरी काय सांगू, मास्तर? कोणत्या शब्दात?"

मग मी माझं सांगितलं,
बायको सोडून पहिल्यांदाच कुणाला.
तो माझ्या पँटीकडं बघत राहिला,
शिलाई शोधल्यासारखा.
दिसायची नाही बाबा. कारागीर चांगला होता.

"काही नसेलही. पाणी असेल,
फुगलेल्या शिरा असतील, बहुतेकांचं तसंच निघतं.
पण ते तू न् मी दुकानात बसून ठरवायचं नाही.
उद्या साडेआठची गाडी. मी येतो संगं."

तो उठला, पायरीवर थांबला.
"आणि पँट?"

"आल्यावर.
मापाचीच शिवतो."