ऐंशी चौकोन

मिरजेच्या मिशन कंपाउंडात
शांतवनमामा, रिटायर टेक्निशियन,
ईसीजीच्या उरलेल्या कागदावर
पवित्र शास्त्राचा काळ मांडतात.
एक चौकोन, पाच वर्षं.

अब्राहाम दारापाशी.
मिसरातून सुटका खाटेखालून जाते.
शलमोनानंतर राज्य फाटतं;
कागदही नेमका तिथंच फाटलाय,
चिकटपट्टी लावलीय.
बाबेलचा बंदिवास सत्तर वर्षं.
"माझ्याच वयाचा," मामा म्हणतात.

मग शेवटचा संदेष्टा,
आणि पुढं ऐंशी चौकोन
नुसती रेघ.
"देव बोललाच नाही?" मी विचारते.

अशी सरळ रेघ
मामांनी नोकरीत पुष्कळदा पाहिलीय.
एकदा मामींची.

ते पेन्सिलीला टोक काढतात.
"नसंल बोलला.
पाणी तर कुणीतरी भरलंच असंल की रोज."
आणि पहिल्या रिकाम्या चौकोनात
काढतात
मुंगीएवढी घागर.