उतारा

वडोदऱ्याच्या वीज कचेरीत, रावपुऱ्यात,
अकरा वर्षं मी मीटरचे आकडे भरले.
लोक भांडायला यायचे, एवढं बिल कसं आलं बेन,
आम्ही तर पंखासुद्धा जपून लावतो.
मी म्हणायचे, मीटर खोटं बोलत नाही.

आता माझ्याच दंडाला मीटर.
दर पंधरा मिनिटांनी पट्टा फुगतो,
आवळून धरतो, जत्रेत आईनं धरावा तसा,
मग सुस्कारा टाकून सोडून देतो.
एकशे बहात्तर. खाली एकशे बारा.
रमीलाबेन आकडा मोठ्यानं वाचत नाही,
पण मला उलटं लिहिलेलंही वाचता येतं,
खिडकीच्या आत बसून बसून.

सातव्यापासून मीठ कमी, मग जवळजवळ बंद.
लोणच्याची बरणी फडताळात वर गेली,
शेव-उसळीच्या गाडीवरून जाताना
हेमराज स्कूटर जोरात पळवायचा.
तरी पावलं सुजली. जोडवी कापून काढली.
आणि काल दुपारी, भर उन्हात,
डोळ्यांपुढे काजवे.

डॉक्टर वसावडा म्हणाल्या, आता थांबायचं नाही.
कळांची एक बाटली, प्रेशरचं इंजेक्शन,
आणि ही दुसरी बाटली झटके येऊ नयेत म्हणून.
अंगातून वाफ गेल्यासारखं वाटेल, घाबरू नका.
कसलं औषध?
एक तऱ्हेचं मीठच समजा.

मला हसू आलं आणि कळ आली, दोन्ही एकदम.
ताटात नाकारलेलं ते
थेंब थेंब शिरेतून आत.
कानशिलं तापली. जीभ कोरडी.
पापण्या ओल्या गोधडीसारख्या जड.

मोठा दिवा घालवलाय.
अंधारात रमीलाबेनच्या चपला ओळखू येतात.
रबरी हातोडी घेऊन ती येते,
पग ढीलो मूको, बेन.
गुडघ्याखाली टक्.
पाय उडतो. ती कागदावर खूण करते.
म्हणजे लाइन चालू आहे.
मग छातीकडे बघत श्वास मोजते,
पिशवीतली लघवी उजेडाला धरते,
सोनाराच्या चेहऱ्यानं.

उशाशी चिकटपट्टीनं लावलेली एक काचेची कुपी.
ही कशाला?
मीठ जास्त झालं, पाय उडेनासा झाला, तर हा उतारा.

उतारा.
बाहेर बाकावर नणंद कुंदा
मुठीत मीठ-मोहऱ्या धरून बसलीय केव्हाची.
आत सोडत नाहीत.
मूठ घामेजली असेल, मीठ पाझरलं असेल.
हेमराज मकरपुऱ्याहून पाळी टाकून आलाय.
सही करताना पेन चालेना म्हणे,
तीनदा झटकलं, चौथ्यांदा कागद फाटला.

मी दात आवळले तर डॉक्टर ओरडल्या,
श्वास कोंडू नका, आकडा चढतोय.
जोर लावायचा, पण चढायचं नाही.
असा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता.
अर्ध्यावर मी भलतंच काहीतरी बोलले,
कुठल्याशा ग्राहकाचा नंबर, पूर्ण, शेवटच्या शून्यासकट.

पहाटे चार-दहाला मुलगी. एक किलो नऊशे.
आधी आवाज आला, मग ती,
आणि बघते न बघते तोच काचेखाली नेलीही.
वाटलं, सुटले.
पट्टा पुन्हा फुगला.
मीटरला कुणी कळवलं नव्हतं.
हजी चोवीस कलाक, रमीलाबेन म्हणाली,
आणि बाटली बदलली.

दिवसभर टक्. दिवसभर खूण.
एकशे साठ. एकशे बावन्न. पुन्हा अठ्ठावन्न.
एकदा पाय उशिरा उडाला,
तिनं पुन्हा मारून पाहिलं, पुन्हा,
आणि मी माझ्याच गुडघ्याकडे
थकबाकीदाराच्या दाराकडे बघावं तशी बघत राहिले.

दुसऱ्या सकाळी बाटली निघाली. मुलीला आणलं.
दुपट्याची घडी उलगडली तर आत
तीन मोहऱ्या, आणि ओलसर खडा मिठाचा.
मी विचारलं नाही काही.
रमीलाबेन हातोडी पुसत होती,
जरा जास्तच मन लावून.